क्वार्टरबॅक ट्रेडने आणावा की ड्राफ्टमधून घ्यावा : वादाला बसण्यापूर्वीची तयारी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका शुक्रवारी पहाटे साडेपाच वाजता, म्हणजे सोलापुरात दिवसभराचे ऊन पेटण्यापूर्वीच्या त्या थोड्याशा गार वेळेत, जुळे सोलापुरातल्या एका गच्चीवर आम्ही सात-आठ जण दरवर्षी एका लॅपटॉपभोवती जमतो. अमेरिकेत तेव्हा गुरुवारची रात्र असते आणि तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, ड्राफ्टची पहिली फेरी सुरू होत असते. आमच्यापैकी दोघे तिकडे शिकून परत आले, एकाची बहीण टेक्सासमध्ये राहते आणि बाकीचे त्यांच्या नादाने या खेळाला लागले. चहाचा पहिला कप संपण्याच्या आत ज्या प्रश्नावरून आवाज चढतात तो प्रश्न वर्षानुवर्षे एकच आहे : ज्या संघाकडे भरवशाचा क्वार्टरबॅक नाही त्याने दुसऱ्या संघाकडून तयार माणूस ट्रेडने आणावा, की कॉलेजातून येणारा तरुण ड्राफ्टमधून घेऊन घडवावा?

इतक्या पहाटांनंतर माझे मत असे झाले आहे की या वादाला आपण चुकीच्या टोकाने हात घालतो. कोणीतरी एका खेळाडूचे नाव घेतो, दुसरा त्याच्या चुका मोजू लागतो आणि तासाभराने दोघेही जिथे होते तिथेच असतात. सोयरीक जमवताना जुनी माणसे आधी घर बघत, मग देण्याघेण्याचे बोलत आणि मुलाची पारख त्यानंतर करीत. येथेही तोच क्रम ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने लिहिले आहे.

खेळ नव्याने पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आधी स्पष्ट करतो. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. जवळजवळ प्रत्येक डावात, म्हणजे काही सेकंदांच्या प्रत्येक चालीत, चेंडू प्रथम त्याच्याच हाती येतो आणि तो फेकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन धावायचे, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे तिथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. ३२ संघांना कॉलेजच्या खेळाडूंमधून निवड करण्याची पाळी मिळते, मागील हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला असतो आणि अशा सात फेऱ्या होतात. या पाळीच्या हक्काला सगळे सरळ ‘पिक’ म्हणतात. पिक दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात खेळाडू किंवा वरच्या क्रमांकाचे पिक घेता येते, आणि आपला सगळा वाद या सोयीतून उभा राहतो.

आधी घर

वहीचे एक पान घ्यावे आणि कोणत्याही खेळाडूचे नाव न लिहिता त्यावर संघाविषयी तीन गोष्टी लिहाव्यात : क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहून त्याला वाचवणारी पाच जणांची फळी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, कितपत मजबूत आहे, बचावातले मुख्य खेळाडू किती वयाचे आहेत आणि त्यांचे करार केव्हा संपतात, आणि प्रशिक्षक व जनरल मॅनेजर यांची खुर्ची अजून किती वर्षे टिकेल. तिसरी गोष्ट चाहते सहसा लिहीत नाहीत, पण माझ्या मते तीच निर्णयाला सर्वांत जास्त वाकवते, कारण ज्याला पुढच्या जानेवारीत घरी जावे लागेल अशी भीती आहे तो माणूस तीन वर्षांनंतरच्या फळासाठी आज रोप लावत बसत नाही.

लॉस एंजेलिस रॅम्सचे उदाहरण घ्या. २०२१ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे बचावात ॲरन डोनाल्ड आणि जेलन रॅम्झी होते, शॉन मॅकव्हे हा प्रशिक्षक पक्का बसलेला होता, आणि त्याआधी दोनच वर्षांपूर्वी हा संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, जाऊन न्यू इंग्लंडकडून १३-३ असा हरला होता. घर बांधून तयार होते आणि एकच खोली रिकामी वाटत होती. त्यांनी आपला क्वार्टरबॅक जेरेड गॉफ, २०२२ आणि २०२३ चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०२१ चे तिसऱ्या फेरीचे पिक डेट्रॉइट लायन्सना दिले आणि मॅथ्यू स्टॅफर्डला आणले. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांनी सिनसिनाटीला २३-२० असे हरवून सुपर बोल जिंकला. एवढी किंमत देण्याचे धाडस शहाणपणाचे ठरले, कारण ज्या वर्षी विजय हवा होता त्या वर्षी लागणारे बाकीचे सगळे त्यांच्याजवळ आधीच होते.

याच्या उलट २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी केले. नवव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर जाण्यासाठी त्यांनी शिकागो बेअर्सना त्या वर्षीचे ९ आणि ६१ क्रमांकांचे पिक, २०२४ चे पहिल्या फेरीचे, २०२५ चे दुसऱ्या फेरीचे आणि वर डी. जे. मूर हा स्वतःचा उत्तम रिसीव्हर दिला. म्हणजे नवरदेव आणण्यासाठी घरातली भांडी विकली. ब्राइस यंग आला तेव्हा ज्याच्याकडे चेंडू फेकायचा तो माणूस शिकागोला गेला होता, पुढची फळी गळकी होती, आणि पहिल्याच हंगामात त्या मुलाला ६२ वेळा चेंडूसह जमिनीवर पाडले गेले. संघाने १७ पैकी २ सामने जिंकले, नव्या प्रशिक्षकाला नोव्हेंबरमध्येच काढून टाकले, आणि त्यांनी देऊन टाकलेले २०२४ चे पिक संपूर्ण ड्राफ्टमधले पहिले ठरले, ज्यावर बेअर्सनी केलेब विल्यम्सला घेतले. आमच्यातला एक जण यंत्रमागवाल्या घरातला आहे. तो म्हणतो की चादरीची नक्षी गिऱ्हाइकाला दिसते, पण ताणा कच्चा असेल तर मागावर धागा सारखा तुटत राहतो आणि त्याचा दोष नक्षीवर काढता येत नाही. यंगच्या पहिल्या वर्षाविषयी मला याहून नेमके बोलता येत नाही.

किंमत कशात मोजावी

किंमत तीन नाण्यांत दिली जाते : पिक, पगाराची मर्यादा आणि वर्षे. वादात बहुधा एकाच नाण्याचा हिशेब होतो आणि तो बोलणाऱ्याच्या सोयीचा असतो, म्हणून तिन्हींसाठी वहीत वेगळे रकाने आखावेत.

पिकांचा हिशेब करण्यासाठी एक जुना तक्ता अजूनही उपयोगी पडतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तो तयार झाला. त्यात पहिल्या पिकला ३,००० गुण आहेत, दुसऱ्याला २,६००, तिसऱ्याला २,२००, दहाव्याला १,३००, सोळाव्याला १,००० आणि पहिल्या फेरीच्या शेवटच्या, म्हणजे बत्तिसाव्याला, ५९०. पुढे अनेकांनी सुधारलेले तक्ते काढले, तरी घरी बसून आकडेमोड करायला हा पुरतो. सराव म्हणून २०१७ चा कॅन्सस सिटी चीफ्सचा सौदा करून पाहावा. पॅट्रिक महोम्ससाठी ते २७ व्या क्रमांकावरून बफेलो बिल्सच्या १० व्या क्रमांकावर गेले. दहाव्याचे गुण १,३००. त्यांनी दिलेल्या २७ व्या पिकचे ६८० आणि ९१ व्याचे १३६, म्हणजे बेरीज ८१६. उरले ४८४, आणि त्यासाठी त्यांनी पुढच्या वर्षीचे पहिल्या फेरीचे पिक दिले. पुढच्या वर्षीचे पिक आज एक फेरी खालचे धरावे असा सर्वसाधारण रिवाज आहे. त्या रिवाजाने ते पिक दुसऱ्या फेरीचे झाले आणि दुसऱ्या फेरीत ४८० गुणांच्या आसपासचे, म्हणजे बेचाळिसाव्या क्रमांकाजवळचे, पिक असतेच. सौदा जवळजवळ तंतोतंत बसतो. ही बेरीज एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिली की ‘लुटले’ आणि ‘फुकटात मिळाले’ हे दोन्ही शब्द आपण जपून वापरू लागतो.

मात्र एक गोष्ट तक्ता सांगू शकत नाही. पुढच्या वर्षाचे पिक देताना त्याचा क्रमांक कोणालाच ठाऊक नसतो. रॅम्सनी विजेत्या संघाच्या थाटात दिलेले २०२३ चे पिक प्रत्यक्षात सहावे निघाले, कारण २०२२ मध्ये ते १२ सामने हरले. डेन्व्हर ब्राँकोजनी मार्च २०२२ मध्ये रसेल विल्सनसाठी सिअ‍ॅटल सीहॉक्सना दोन पहिल्या फेरीचे, दोन दुसऱ्या फेरीचे आणि एक पाचव्या फेरीचे पिक दिले, शिवाय तीन खेळाडू दिले आणि विल्सनसोबत फक्त चौथ्या फेरीचे एक पिक घेतले. त्यांचेही पुढचे पिक पाचवे निघाले आणि सीहॉक्सनी त्यावर डेव्हन विदरस्पूनला घेतले. म्हणून वहीत दिलेल्या प्रत्येक भावी पिकसमोर दोन आकडे लिहावेत : संघ चांगला खेळला तर हे पिक कितवे ठरेल, आणि हंगाम कोसळला तर कितवे. दुसरा आकडा लिहिताना हात अडखळतो. तो अडखळत असेल तर सौद्याचा पुन्हा विचार करावा.

दुसरे नाणे पैशाचे. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातलेली असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी डॉलर होती. त्याच वर्षी डॅक प्रेस्कॉटने काउबॉइजशी चार वर्षांसाठी २४ कोटींचा नवा करार केला, म्हणजे सरासरीने वर्षाला ६ कोटी. एका माणसावर जवळपास चौथा हिस्सा. ड्राफ्टमधून आलेल्या मुलाचे गणित अगदी वेगळे असते, आणि ते २०११ मध्ये बदलले. २०१० साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता व त्यातले ५ कोटी हमीचे होते. खेळाडू आणि लीग यांच्यात नवा करार झाल्यावर पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २.२ कोटी मिळाले. त्या दिवसापासून चांगला आणि स्वस्त क्वार्टरबॅक ही या खेळातली सर्वांत मोठी सवलत झाली आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष वाढवण्याचा अधिकार संघाकडे राहतो. त्या काळात वाचलेल्या पैशातून फळी, बचाव आणि रिसीव्हर उभे करता येतात. ट्रेडने तयार माणूस आणणारा संघ पिकसुद्धा देतो आणि ही सवलतही गमावतो, म्हणून ट्रेडचा खर्च एकदा दिसतो तेव्हा तो दोनदा मोजावा.

यात आणखी एक गुंता आहे. करारावर सही करताना दिलेला बोनस हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो, पण खेळाडूला मध्येच सोडले तर उरलेली रक्कम लगेच कॅपवर येऊन बसते. खेळाडू जातो आणि त्याचे ओझे राहते. विल्सनशी ब्राँकोजनी ट्रेडनंतर २४ कोटींहून अधिक डॉलरची मुदतवाढ केली आणि मार्च २०२४ मध्ये त्याला सोडले तेव्हा दोन वर्षांत मिळून सुमारे ८.५ कोटी डॉलर निव्वळ हिशेबात अडकले. वादात कोणी ‘नाही जमले तर सोडून देऊ’ असे म्हणाला तर त्याला हे उदाहरण शांतपणे सांगावे.

तिसरे नाणे, वर्षे, याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते एका प्रश्नात मावते. आपल्या संघाला विजय कोणत्या वर्षी हवा आहे, ते साल लिहावे. साल लिहिता येत नसेल तर संघ अजून ट्रेडच्या जवळपासही आलेला नाही.

खोंड आणि जुळलेला बैल

एनएफएलचे प्लेऑफ जानेवारीत असतात आणि आपल्याकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही जानेवारीतच. माझे आजोबा मला लहानपणी यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात नेत. खिलारची देखणी जोडी समोर उभी असली तरी ते आधी तिच्या रंगाकडे किंवा शिंगांकडे पाहत नसत. जवळ जाऊन जबडा धरीत, ओठ वर करीत आणि दात पाहत. आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेला. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती. आणि सगळे दात आले की जुळलेला. आदत खोंड स्वस्त मिळतो आणि पुढे दहा वर्षे घरी राहतो, पण तो औताला सरळ चालेल की जू फेकून देईल हे त्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. जुळलेला बैल दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, पण तो विकणाऱ्याने का विकायला काढला हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाने स्वतःला विचारावा लागतो. माझ्या मते क्वार्टरबॅकच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न आहेत आणि प्रत्येक बाजूने त्यातल्या आपल्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे.

ट्रेडची बाजू मांडणाऱ्याने ‘का विकला’ याचे उत्तर द्यावे. डेट्रॉइटने स्टॅफर्ड विकला कारण त्यांना घर नव्याने बांधायचे होते आणि त्यालाही तिथून निघायचे होते. हे कारण खेळाडूच्या अंगातले नव्हते. सीहॉक्सनी विल्सन दिला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि त्याच्या पायातली पूर्वीची धाव कमी झाली होती. हे कारण त्याच्या अंगातलेच होते. ग्रीन बे पॅकर्सनी ॲरन रॉजर्सला न्यूयॉर्क जेट्सना दिले तेव्हा तो ३९ वर्षांचा होता आणि त्यांच्याकडे त्याच्या मागे तीन वर्षे बसलेला जॉर्डन लव्ह तयार होता. ११ सप्टेंबर २०२३ रोजी जेट्सकडून पहिल्याच सामन्यात, चौथ्याच डावात, रॉजर्सच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि हंगाम संपला. त्या सौद्यात एक शहाणी अट मात्र होती : त्याने हंगामातले ६५ टक्के डाव खेळले तर २०२४ चे पिक पहिल्या फेरीचे, नाहीतर दुसऱ्या फेरीचे. वय झालेल्या खेळाडूचा ट्रेड सुचवताना अशी अट आपल्या प्रस्तावात असावीच.

येथे एक गंभीर बाब दातांच्याही आधी पाहावी. क्लीव्हलंड ब्राउन्सनी २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेरीचे पिक दिले आणि पाच वर्षांचा, संपूर्ण हमीचा, २३ कोटी डॉलरचा करार केला. त्या वेळी वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केलेले होते. त्याने आरोप नाकारले, पण लीगने त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित केले. पुढे दुखापतीही झाल्या. त्या वेळी आमच्या गच्चीवर दोन जण केवळ त्याच्या अचूक फेकींविषयी बोलत राहिले. ते मला तेव्हाही चुकीचे वाटले आणि आजही वाटते. ज्यांच्यावर अन्याय झाल्याचा आरोप आहे त्या माणसांचा विचार किमतीच्या रकान्याआधी झाला पाहिजे आणि ज्या गटाला हे मान्य नसेल त्या गटात मी बसणार नाही.

ड्राफ्टची बाजू मांडणाऱ्यानेही खोंडाविषयी खरे बोलावे. २०२१ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले : ट्रेव्हर लॉरेन्स, झॅक विल्सन, ट्रे लान्स, जस्टिन फिल्ड्स आणि मॅक जोन्स. तीन वर्षांच्या आत त्यांपैकी चौघे आपल्या मूळ संघातून गेले होते. लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने तीन पहिल्या फेरीचे पिक आणि आणखी एक पिक दिले होते. त्या संघासाठी त्याने फक्त चार सामन्यांत सुरुवात केली आणि चौथ्या फेरीच्या एका पिकच्या बदल्यात तो डॅलसला गेला. त्याच संघाने २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या, क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी पुढे त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. पर्डीचे उदाहरण देऊन ‘शेवटीसुद्धा मिळतो’ असे म्हणणारे प्रत्येक गटात असतात, पण अशा भाग्यावर बेत आखता येत नाही.

खोंड घरी आणल्यावर त्याला दोन गोष्टी लागतात, वेळ आणि चारा. महोम्सला चीफ्सनी पहिल्या वर्षी अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवले आणि फक्त हंगामातला शेवटचा सामना खेळू दिला; दुसऱ्या वर्षी त्याच्या ५० फेकींवर टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण, झाले. बफेलोच्या जॉश ॲलनच्या २०१८ मधल्या फेकींपैकी ५२.८ टक्के लक्ष्यावर गेल्या, तर २०२० मध्ये ६९.२ टक्के. मधल्या काळात बिल्सनी त्याच्यासाठी फळी बांधली आणि २०२० मध्ये पहिल्या फेरीचे पिक देऊन स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर आणला. ड्राफ्टच्या बाजूने बोलणाऱ्याने खेळाडूच्या नावाखाली पुढच्या दोन वर्षांत त्याच्यासाठी काय आणणार तेही लिहावे. नाहीतर तो फक्त खोंड विकत घेतो आहे, वाढवत नाही.

आणखी एक इशारा. बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात आणि वर तोंडाने दुसरेच बोलत असतात. मार्च-एप्रिलमध्ये ‘अमुक संघ अमुक मुलावर लुब्ध आहे’ अशा ज्या बातम्या येतात त्या बहुतेक एजंट किंवा दुसऱ्या संघांनी सोडलेल्या असतात. त्या वहीत लिहूच नयेत.

खेळ थांबवून पाहणे

आता कुठे खेळाडूकडे वळावे. यासाठी ठळक क्षणांची चित्रफीत उपयोगाची नाही, कारण तिच्यात चुकलेल्या फेकी नसतात. एक संपूर्ण सामना घ्यावा, शक्यतो जो त्याचा संघ हरला तो, आणि आवाज बंद करावा. चेंडू हातात येण्याच्या क्षणी चित्र थांबवावे आणि बचावातले मागचे दोन खेळाडू कुठे उभे आहेत ते पाहून ठेवावे. मग एकेक सेकंद पुढे न्यावा. पहिल्या सेकंदाला त्याचे डोके कोणत्या बाजूला आहे? ज्याच्याकडे फेकायचे ठरले होते तो अडवलेला असेल तर डोके दुसऱ्या खेळाडूकडे वळते का, की तो पाय गुंतल्यासारखा पहिल्याकडेच पाहत राहतो? बाजूने कोणी अंगावर येत असेल तर तो एक पाऊल पुढे सरकून जागा करून घेतो, की मागे मागे पळत जातो? मागे पळणारा कॉलेजात सुटतो, कारण तिथले पाठलाग करणारे मंद असतात. एनएफएलमध्ये तोच मुलगा दहा यार्ड गमावून पडतो. असे तीस डाव पाहिले की मत तयार होते आणि ते मत स्वतःचे असते.

किती सामन्यांचा अनुभव आहे हेही पाहावे. २०१७ मध्ये बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर जाऊन घेतलेल्या मिचेल ट्रुबिस्कीने कॉलेजात फक्त १३ सामन्यांत सुरुवात केली होती, तर २०२४ मध्ये डेन्व्हरने बाराव्या क्रमांकावर घेतलेल्या बो निक्सने ६१. पण हा नियम म्हणून लादू नये. कॅम न्यूटन मोठ्या स्तरावर एकच पूर्ण हंगाम खेळून आला होता आणि २०१५ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ट्रेडच्या उमेदवाराचे मागचे दोन हंगाम पाहावेत आणि त्यातही डिसेंबरचे सामने वेगळे काढावेत, कारण वय आधी तिथे दिसते.

दोन्ही बाजूंना विसर पडतो असा एक तिसरा मार्गही आहे, तो म्हणजे करार संपलेला खेळाडू बाजारातून घेणे. २००६ मध्ये ड्रू ब्रीझच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे मायामी डॉल्फिन्सनी माघार घेतली आणि दुसऱ्या फेरीचे पिक देऊन डॉन्टे कल्पेपरला ट्रेडने आणले. ब्रीझ न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला. त्यात एकही पिक खर्च झाले नाही. वहीत या मार्गासाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात.

बैठक

ट्रेड अधिकृत होतात ते मार्चच्या मध्यापासून, आणि ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस असतो. म्हणून बैठका दोन घ्याव्यात. पहिली होळीच्या आसपास, केवळ ‘घर’ आणि ‘किंमत’ या विषयांवर. दुसरी ड्राफ्टच्या आदल्या रविवारी, खेळाडूंवर. एकाच बैठकीत सगळे उरकले की घराची चर्चा दहा मिनिटांत गुंडाळली जाते, हा आमचा अनुभव आहे. प्रत्येकाने वीस मिनिटे आपली बाजू मांडावी आणि त्यानंतर दहा मिनिटे विरुद्ध बाजू तितक्याच मनापासून मांडावी. शेवटच्या त्या दहा मिनिटांत मी माझे मत तीनदा बदलले आहे. जो विरुद्ध बाजू मांडू शकत नाही त्याने तयारी केलेली नाही असे समजून त्याला पुढच्या रविवारपर्यंत वेळ द्यावा.

बोललेले सगळे लिहून ठेवावे, कारण स्मरणशक्ती नंतर आपल्या बाजूने साक्ष देते. मार्च २०२२ च्या माझ्या पानावर विल्सनच्या ट्रेडविषयी माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘बचाव तयार, रिसीव्हर चांगले, फक्त क्वार्टरबॅक हवा, किंमत योग्य.’ त्या पानावर त्याच्या वयाचा उल्लेख नाही आणि सीहॉक्स त्याला का देत आहेत याचाही नाही. ते पान नसते तर आपण तेव्हाच शंका घेतली होती असे मी आज छातीठोकपणे सांगितले असते. त्या वर्षापासून आमच्या वहीत ‘का विकला’ हा रकाना आला.

ड्राफ्टच्या आदल्या रात्री, झोपण्यापूर्वी, प्रत्येकाने आपल्या संघासाठी चारच ओळी लिहाव्यात : आणावा की निवडावा, जास्तीत जास्त किती किंमत, कोणत्या वर्षासाठी, आणि आपले मत चुकीचे ठरले हे कशावरून कळेल. चौथी ओळ नेमकी असावी, उदाहरणार्थ, ‘दुसऱ्या हंगामाअखेरही तो दुसऱ्या रिसीव्हरकडे डोके वळवत नसेल तर.’ त्याखाली तारीख घालावी, सही करावी आणि वही अशा माणसाकडे द्यावी जो वादात भाग घेत नाही. आमच्याकडे ती गच्चीच्या मालकांच्या आईजवळ असते, आणि पहाटे सर्वांसाठी चुरमुऱ्यांचा सुशीलाही त्याच करतात. पान उघडण्याची तारीखही आधीच ठरवावी. ड्राफ्टनंतर तीन वर्षांनी, मे महिन्याच्या सुरुवातीला, पहिल्या फेरीतल्या खेळाडूचे पाचवे वर्ष वाढवायचे की नाही हे संघाला कळवावे लागते. त्याच आठवड्यात त्याच गच्चीवर जमून वही मागावी आणि चौथी ओळ आधी वाचावी.